कोनच्या मांडवातली चिंधी

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे अजून भाताची खाचरं होती आणि पुढच्या रस्त्यावर दिवे लागायचे होते. नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात नोकरी होती. मी पुण्याला एका कापडाच्या दुकानात हिशेब आणि माल बघायचं काम सोडून आले होते. सकाळी डबा करून दिला की संध्याकाळपर्यंत मला करण्यासारखं काही नसे. शिवणयंत्र होतं, पण शेजारणींची पोलकी शिवून माझं मन रमेना.

खालच्या मजल्यावर पन्नाशीचे एक काका आणि काकू राहत. काका जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. जवळचं नवं बंदर सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती आणि जासईच्या आसपास कंटेनरच्या थप्प्या उभ्या राहत होत्या. काकांच्या यार्डात कंटेनर दुरुस्त करत, रंगवत, क्रेनची देखभाल करत. या सगळ्याला पुसायच्या चिंध्या लागत, पोत्यांनी. एकदा चहा पिताना काका वैतागून सांगत होते की मुंबईहून येणाऱ्या पोत्यात निम्मं टेरिकॉट निघतं, ते तेल शोषत नाही, नुसतं पसरवतं, आणि वर बटणं तशीच असतात, त्यांचे ओरखडे उठतात.

मी म्हटलं, "मी देते तुम्हाला चिंध्या. नुसतं सुती, बटण-हूक काढलेलं, हातभर मापाचं."

काकांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चहात बिस्किट बुडवत होता, त्याने मान वर केली नाही. काका म्हणाले, "एक पोतं देऊन बघ."

कापड मला कळतं असा माझा समज होता. नवं कापड कळत होतं. जुन्या कापडाचं शास्त्र वेगळं असतं हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. पनवेलच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या गठड्या विकणारा एक व्यापारी होता. त्याच्याकडून मी दोन गठड्या आणल्या. वरच्या थरात छान सुती धोतरं आणि लुगडी होती. खाली हात घातला तर टेरिकॉटच्या पँट, पडद्यांचं नायलॉन आणि एक अख्खा रेनकोट. परत न्यायला गेले तर तो गोड हसून म्हणाला की गठडी म्हणजे गठडीच असते, त्यात निवड नसते. त्याचं बोलणं व्यापाराच्या रीतीने बरोबरच होतं. मग शिंप्यांकडे गेले. त्यांची कातरण नवी आणि स्वच्छ होती, पण तुकडे बोटाएवढे. यार्डातला माणूस त्याने काय पुसणार?

त्या दिवसांत आमच्या इमारतीत दर बुधवारी एक बोहारीण येई. साठीच्या पुढची, उंच, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घ्यायची आणि त्यावर पातेलं, ताट, डबा द्यायची. तिच्याशी घासाघीस हा बायकांचा आवडता खेळ होता आणि त्यात ती कधी हरल्याचं मी पाहिलं नाही. एका बुधवारी मी तिला घरात बोलावून पाणी दिलं आणि विचारलं, की तुझं गाठोडं तू पुढे कुणाला देतेस. तिने आधी मला नीट पाहून घेतलं. ही बाई धंद्यात भागीदार होतेय की धंदा काढून घेतेय, याचा अंदाज ती घेत असावी. मी यार्डाची गोष्ट सांगितली. माझ्याकडच्या गठड्या दाखवल्या.

ती जमिनीवर बसली आणि कपडे उचलून दोन ढीग करू लागली. पाहत नव्हती, नुसती अंगठा आणि बोटात चिमटून सोडत होती. मी विचारलं, कसं कळतं?

"सुती कापड बोटाला चिकटतं, ताई. टेरिकॉट सटकतं," ती म्हणाली. "आन शंका आली तर फाडायचं. सुती चर्र करून सरळ फाटतं. टेरिकॉट आडमुठं. माज्या नवऱ्यासारखं."

मी दिवसभर फाडत बसले. संध्याकाळी नवरा आला तेव्हा घरात चिंध्यांमध्ये मी बसलेली, आणि कानात ती चर्र घुमत होती. त्याने रेनकोट तेवढा उचलून घेतला. त्याला तो अगदी बरोबर बसला आणि पुढची पाच वर्षं त्याने तो वापरला.

बोहारणीशी माझं ठरलं. तिच्याबरोबर टपाल नाक्याच्या बाजूला राहणाऱ्या आणखी सहा बायका फिरत. सुती माल त्यांनी वेगळा काढून मला द्यायचा, बाकीचा नेहमीच्या व्यापाऱ्याला. तिची एक अट होती. माल नापसंत असेल तर मी तो तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत बाजूला काढायचा, पाठीमागून कुरकुर करायची नाही. असे पुरवठादार मला पुढे पुन्हा नोकरी केली तेव्हाही फार भेटले नाहीत.

पहिलं पोतं यार्डात गेलं, मग दुसरं, मग महिन्याला दहा. इमारतीतल्या दोन बायका माझ्याबरोबर बटणं काढायला आणि कापायला बसू लागल्या. सगळं सुरळीत चालू असताना एका शनिवारी काका वर आले. हातात तेलाने माखलेला कापडाचा एक तुकडा होता, त्याला खिसा होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"हा माझा शर्ट आहे," ते म्हणाले.

निळ्या चौकटीचा तो शर्ट त्यांचा फार लाडका होता. काकूंनी तो परस्पर बोहारणीला देऊन पोळ्यांचा डबा घेतला होता. बोहारणीने मला दिला, मी कापून यार्डात पाठवला, आणि फोर्कलिफ्टचं चाक पुसणाऱ्या माणसाच्या हातात काकांनी तो ओळखला. खिशावर शाईचा डाग होता, तो त्यांनी स्वतः पाडलेला होता. काकूंना त्यांनी काही विचारलं नाही. तुकडा घेऊन मोरीत बसले, सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला, वरून साबण लावून बडवला. दुसऱ्या दिवशी तो वाळल्यावर मला दाखवायला आणला. तेल जवळजवळ गेलं होतं. शाईचा डाग तेवढा शाबूत होता.

शर्ट काही परत मिळायचा नव्हता, पण काकांच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. यार्डाच्या मागे वापरलेल्या चिंध्यांचा डोंगर साचला होता. आठवड्यातून एकदा तो पेटवून देत आणि काळा धूर गावावर जाई म्हणून गावकरी रागावत. "हे धुतलं जातं तर जाळायचं कशाला?" काका म्हणाले. "तू जशी देतेस तशी परत पण ने."

देणं सोपं होतं. परत घेणं म्हणजे दुसराच धंदा, हे मला त्या वेळी कुठे माहीत होतं? पहिल्या आठवड्याची तेलकट पोती आमच्या गॅलरीत आली आणि दोन तासांत सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. भले गृहस्थ. नाकाला रुमाल लावून त्यांनी माझ्या उद्योगाचं कौतुक केलं आणि पोती त्याच दिवशी हलवायला सांगितली.

मग दोन-तीन रविवार मी आणि नवरा स्कूटरवरून जागा बघत फिरलो. मी वहीत लिहून ठेवलं होतं: रस्त्याला लागून हवी, वर छप्पर हवं, पाणी हवं, आणि दिवसभर तिथे कुणी तरी असणारं हवं. जासईलाच ठेवावं तर धुणारं कुणी मिळेना. बेलपाड्याला एकाने जागा दाखवली, ती चांगली होती, पण यार्डाचा एकही ट्रक तिकडे जात नव्हता आणि नुसत्या घाणेरड्या चिंध्यांसाठी कोण वाट वाकडी करणार? तेव्हा नवऱ्याने, जो एरवी माझ्या उद्योगात बोलत नसे, एक गोष्ट लक्षात आणून दिली. यार्डाचे ट्रक जासईहून निघून पळस्प्याला येतात आणि तिथून पुण्याच्या रस्त्याला लागतात. तेव्हा जागा शोधायची ती पळस्प्याच्या पुढे, कोन गावाच्या आसपास.

कोनजवळ एक धाबा होता. मागे पक्की, दाराला कुलूप असलेली खोली रिकामी होती. विहीर होती. मालक मोकळा, बोलका माणूस, आम्हाला जागा दाखवायच्या आधी त्याने जेवायला बसवलं. वहीतल्या सगळ्या मुद्द्यांपुढे मी बरोबरची खूण केली. धुणाऱ्या बायका मिळेपर्यंत पोती त्या खोलीत ठेवायची ठरलं आणि मी यार्डात फोन करून कळवलं. तिथला कारकून विचारू लागला, माल कुठे टाकायचा? मी म्हटलं, कोन. तो म्हणाला, तेच तर विचारतोय, कोण? हे बराच वेळ चाललं.

धाब्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, गावातली एक आगरी बाई भाजी विकायला बसायची. चाळिशीची, बसकी, आवाज खणखणीत. मोसमाप्रमाणे कधी काकडी, कधी शिराळी, कधी वालाच्या शेंगा. मी दर गुरुवारी सिक्स सीटर रिक्षाने तिथे जायची तेव्हा तिच्याकडून भाजी घ्यायची, एवढीच ओळख. ती मला बाय म्हणायची, मी तिला मावशी.

महिनाभर झाला असेल. उन्हाळ्याचे दिवस होते. मी उतरून धाब्याकडे निघाले तर मावशीने भाजी तशीच टाकून मला अडवलं.

"बाय, पयली ती खोली उगडा. सकालधरना वास येतंय."

मी म्हटलं, तेलाचा वास तर रोजचाच. ती मान हलवत राहिली. धाब्याचा मालक म्हणाला की फोडणीचा असेल. पण ती हटेना, शेवटी त्याने चावी काढली. दार उघडलं आणि आतून भट्टीतून यावी तशी हवा तोंडावर आली. मालकाने पोती कशी व्यवस्थित, भिंतीला लावून, छतापर्यंत रचली होती. मावशी पुढे झाली, एका पोत्याचं तोंड सोडून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला.

"ऊन हाय," ती म्हणाली. "पेंढा ओला रचला का आतना असाच तापतं. आता धूर निगल."

आम्ही तिघांनी पोती ओढून मागच्या मोकळ्या जागेत टाकली. धाब्यावर जेवणारे दोन ड्रायव्हर हात न धुताच मदतीला आले. सातवं-आठवं पोतं फोडलं तर मधली चिंधी करपून तपकिरी झाली होती, आणि वारा लागताच तिच्यातून बारीक धूर निघू लागला. मालकाने विहिरीचं पाणी ओतलं, एकामागून एक बादल्या, थांबलाच नाही. सगळं विझल्यावर तो बाजेवर बसला आणि त्याने खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या पलीकडे त्याची गॅसची सिलिंडरं होती.

मी छप्पर पाहिलं होतं, कुलूप पाहिलं होतं, माणसाचा स्वभावही पाहिला होता. बंद खोलीत ही चिंधी काय करेल, हे मात्र कुणालाच विचारलं नव्हतं. मालकाची माफी मागितली. तो चिडला नाही, म्हणाला, "ताई, जेवायला या, पण पोती नका आणू." मी कबूल केलं.

घरी आल्यावर काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी यार्डातल्या जुन्या रंगाऱ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला की तेलरंगाच्या चिंध्या ढिगात ठेवायच्याच नसतात, त्या आपोआप पेटतात, आपण तर कायम तारेवर वाळत टाकतो. यार्डात हे माहीत असलेला माणूस होता आणि त्याच्यापासून दहा पावलांवर पोती भरली जात होती.

पुढच्या गुरुवारी मी धाब्याकडे न जाता मावशीसमोर बसले, रंगाऱ्याचं म्हणणं तिला सांगितलं आणि तिलाच विचारलं, तुमच्याकडे ठेवाल का? तिचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पक्की खोली नव्हती, कुलूप नव्हतं. पेंढ्यासाठी घातलेला चारी बाजूंनी उघडा मांडव होता आणि अंगणात विहीर. वहीतल्या निम्म्या अटी तिथे बसत नव्हत्या. मी वही पिशवीतच ठेवली.

मावशीने तीन दिवस विचार केला. मग तिच्या अटी आल्या आणि त्या माझ्या अटींपेक्षा पक्क्या होत्या. रंगाची चिंधी यार्डातून निघायचीच नाही, नुसती तेलाची यायची. पोतं उतरलं की उघडायचं, रचायचं नाही, दोऱ्यांवर टाकायचं. साबण-सोड्याचं पाणी तिच्या शेताकडे जाता कामा नये, त्यासाठी दुसऱ्या अंगाला खड्डा खणायचा. आणि भातकापणीला पंधरा दिवस सगळं बंद. "तवा मी कोनाची नाय," ती म्हणाली.

धुवायला डोंगराच्या कडेच्या वाडीवरच्या बायका आल्या. एरवी त्या दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वीटभट्टीवर असत आणि पावसाळ्यात भाताच्या रोपांची आवणी आटोपली की त्यांना काम नसे; आता लेकुरवाळ्या भट्टीवर न जाता वर्षभर इथेच राहिल्या. त्यांच्यातली एक, पोरगेली दिसणारी पण तीन लेकरांची आई, सगळ्यांच्या वतीने बोलायला पुढे आली. रोज संध्याकाळी मजुरी हातात, शनिवारची वाट बघायला लावायची नाही, आणि लेकरांना मांडवात बसू द्यायचं, असं तिने सांगितलं. मावशीने तिथल्या तिथे मान डोलावली. मला वाटतं, मी नसते तरी त्या दोघींचं ठरलं असतं.

मावशीने बांबू ठोकून मांडवात ओळीने दोऱ्या बांधल्या. पावसात वाळायला चार-चार दिवस लागत, तरी काम चाले. जेवढं दोरीवर मावेल तेवढंच भिजवायचं, हा तिचा नियम. पुण्याकडे जाणारा ट्रक मळकी पोती टाकी, परत जासईकडे येणारा धुतलेली नेई. ड्रायव्हरांनी सुरुवातीला कुरकुर केली. मग मावशी प्रत्येकाला काकडी नाहीतर शेंगा द्यायला लागली आणि ट्रक सांगितल्याशिवाय थांबू लागले. एक चिंधी साधारण पाच-सहा वेळा फिरून येई. मग ती इतकी विरळ होई की मावशी ती बोटांत धरून उजेडाकडे बघे आणि बाजूला टाके. त्या विरलेल्या चिंध्या वाडीवरच्या बायका दोन कापडांमध्ये भरून गोधड्या शिवत. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही, ते त्यांचं होतं.

या सगळ्याला दोन वर्षं झाली आणि एक दिवस बोहारीण मला म्हणाली, "ताई, माजं कापड जातं कुठं ते मला बघायचंय." दोन वर्षं ती माल देत होती, मावशी तोच माल परत घेत होती, आणि दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. रविवारी मी तिला घेऊन सिक्स सीटरमध्ये बसले. नवरा स्कूटरवरून मागून आला, त्याला मावशीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खायचं होतं.

बोहारीण मांडवात शिरली ती थेट दोऱ्यांकडे गेली. एकेक चिंधी चिमटून बघत शेवटपर्यंत चालत गेली. मावशी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती. दोन जाणकार बायका एकमेकींना तोलत होत्या आणि मध्ये मी, आज काही बिनसू नये एवढंच मनात. एका दोरीशी बोहारीण थांबली, एक तुकडा काढून तिने मावशीपुढे धरला. त्यात टेरिकॉटचं मिश्रण होतं.

"हा माजा नाय," ती म्हणाली.

"तुजाच हाय," मावशी म्हणाली. "पण हजारात येक. मी मुद्दाम ठेवलाय, तुला दावायला."

बोहारीण एवढ्या मोठ्याने हसली की विहिरीवरच्या बायका वळून बघू लागल्या. त्यानंतर दोघी पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. पोरींच्या सासरापासून सुरुवात झाली, गुडघ्यांवर गेली, मग कुठल्या गावची माणसं ताटाला घासाघीस करतात यावर. मी दोनदा काही बोलायचा प्रयत्न केला, पण तिथे माझी जागा नव्हती. नवरा जेवून बाजेवर झोपला होता.

पाच वाजता मी बोहारणीला म्हटलं, चला, उशीर होईल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशीच म्हणाली, "तुमी जा बाय. ही आज हितंच हाय." मी नवऱ्याला उठवलं. त्याने डोळे चोळत स्कूटरला किक मारली, मावशीने पिशवीभर शिराळी दिली, आणि आम्ही दोघं पनवेलच्या रस्त्याला लागलो.